पैशाच्या पेठेतला ठिय्या

न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, शेअर बाजारापासून चालत काही मिनिटांवर, झुकोटी पार्क नावाची पाऊण एकर जागा आहे. नावाला पार्क, प्रत्यक्षात ग्रॅनाइटची फरसबंदी, दगडी बाकं आणि ओळीने लावलेली झाडं. ही जागा महापालिकेची नाही. १९६०च्या दशकात युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीला शेजारी ५४ मजली इमारत उभारायची होती. शहराच्या १९६१च्या बांधकाम नियमावलीत एक सौदा होता: आपल्या जमिनीचा तुकडा लोकांसाठी मोकळा ठेवा आणि त्या बदल्यात वर जादा चटईक्षेत्र घ्या. मुंबईच्या वाचकाला हा व्यवहार समजावून सांगायला नको. कंपनीला मजले मिळाले, शहराला अंगण मिळालं. पुढे इमारत आणि अंगण दोन्ही ब्रुकफील्ड या बांधकाम कंपनीकडे गेलं आणि २००६ मध्ये तिच्या अध्यक्षांचं नाव त्या अंगणाला लागलं.

शहराची उद्यानं रात्री बंद होतात. या खासगी अंगणावर मात्र चोवीस तास खुलं राहण्याची अट होती. १७ सप्टेंबर २०११च्या संध्याकाळी काही शे माणसं तिथे जमली आणि रात्री उठून गेली नाहीत, ती या अटीच्या जोरावर. ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ हा ठिय्या पुढे जवळजवळ दोन महिने चालला.

त्यावर गेल्या दीड दशकात भरपूर लिहिलं गेलं आहे. बहुतेक लेखन एकाच प्रश्नाभोवती फिरतं: त्यातून निष्पन्न काय झालं? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी पुढे देणारच आहे. पण त्याआधी मला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. विषमतेबद्दल ज्याला बोलायचं आहे त्याला, जिथे पैशाचे निर्णय होतात तिथे बसायला जागा आहे का? न्यूयॉर्क, लंडन, हाँगकाँग, फ्रँकफर्ट इथले तळ उभे राहिले कसे आणि उठले कसे, हे बघितलं की सगळं याच प्रश्नापाशी येऊन थांबतं.

राग कशाचा होता, हे थोडक्यात सांगता येईल. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली, ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेने वित्तसंस्थांना वाचवायला ७०० अब्ज डॉलरची तजवीज केली. बँका तगल्या. गृहकर्ज थकलेल्या लाखो कुटुंबांची घरं मात्र जप्त झाली, आणि शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांसमोर नोकरी नव्हती, फक्त शैक्षणिक कर्जाचे हप्ते होते. संकटाला कारणीभूत ठरलेल्या मोठ्या बँकांच्या प्रमुखांपैकी कोणीही तुरुंगात गेलं नाही. त्यामागे तीन दशकांची आकडेवारी होती. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे तळ चालू असतानाच, एक अहवाल काढला. १९७९ ते २००७ या काळात वरच्या एक टक्का घरांचं करोत्तर उत्पन्न २७५ टक्क्यांनी वाढलं. मधल्या साठ टक्क्यांचं चाळीस टक्क्यांहून थोडं कमी. तळच्या वीस टक्क्यांचं अठरा टक्के. अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी त्याच वर्षी मे महिन्यात ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये एक टक्क्याबद्दल लिहिलं होतं. ऑगस्टपासून इंटरनेटवर सामान्य माणसं हाताने लिहिलेले कागद चेहऱ्यासमोर धरून आपले फोटो टाकू लागली: औषधाचा खर्च, थकलेलं भाडं, दोन नोकऱ्या करूनही न भागणारा महिना. प्रत्येक कागदाच्या शेवटी ‘आम्ही ९९ टक्के’. आकडेशास्त्रातला एक अपूर्णांक माणसांनी असा आपल्या अंगाला लावून घेतला, हीच या चळवळीची सगळ्यात मोठी कमाई, असं मला आजही वाटतं.

हाक दिली ती कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ‘ॲडबस्टर्स’ या जाहिरातविरोधी मासिकाने, जुलै २०११ मध्ये. वॉल स्ट्रीटच्या धावत्या बैलाच्या पाठीवर तोल सांभाळणारी नर्तकी, असं पोस्टर, आणि खाली तारीख. कैरोचा तहरीर चौक आणि माद्रिदचा पुएर्ता देल सोल त्याच वर्षी जगाने पाहिले होते; त्याची उमेद या हाकेत होती. पण मासिकाने फक्त तारीख दिली. तयारी केली ती न्यूयॉर्कमधल्या कार्यकर्त्यांनी. त्यांतल्या अनेकांनी जूनमध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या अंदाजपत्रकी कपातीविरोधात सिटी हॉलजवळ फुटपाथवर झोपून आंदोलन केलं होतं. २ ऑगस्टला बैलाच्या पुतळ्याजवळ बोलिंग ग्रीनला पहिली सभा झाली. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेबर त्या सभेत होते. व्यासपीठावरून भाषणं ठोकण्याऐवजी गोल करून बसायचं आणि सर्वसंमतीने ठरवायचं, ही रीत तिथे पडली. १७ सप्टेंबरला आधी योजलेल्या, एका बँकेसमोरच्या चौकाला पोलिसांनी कुंपण घातलेलं निघालं. पर्यायी जागांच्या यादीतून झुकोटी पार्क निवडलं गेलं.

आता त्या पाऊण एकरातलं जगणं. पहिले काही आठवडे तंबूंना मनाई होती, त्यामुळे लोक ताडपत्री आणि स्लीपिंग बॅग घेऊन उघड्यावर फरशीवर झोपत. परवान्याशिवाय ध्वनिवर्धक वापरता येत नव्हता. त्यावर उपाय निघाला तो असा: बोलणारा चार-पाच शब्द बोलून थांबायचा, आणि जवळचे सगळे तेच शब्द एका सुरात पुन्हा उच्चारायचे. गर्दी मोठी असली तर मागचा घोळका तिसऱ्यांदा म्हणायचा, त्याच्या मागचा चौथ्यांदा. वाक्य लाटेसारखं ब्रॉडवेपर्यंत पोचायचं. याने सभा फार लांबायची. पण समोरच्याचं म्हणणं, पटो न पटो, आधी स्वतःच्या तोंडून उच्चारावं लागायचं. टाळ्यांनी बोलण्यात खंड पडू नये म्हणून पसंती असेल तर हात वर करून बोटं हलवायची, नापसंती असेल तर खाली.

तिथे जाळ करता येत नव्हता, म्हणून स्वयंपाक बाहेर व्हायचा आणि पार्कच्या मधोमध मांडलेल्या टेबलांवर वाढला जायचा. देशभरातून, देशाबाहेरूनही, लोक जवळच्या पिझ्झावाल्याला फोन करून पैसे भरायचे आणि खोकी तळावर पोचायची. ताट घेणारा कोण हे विचारलं जात नव्हतं, त्यामुळे रोज येणाऱ्यांत शहरातले कितीतरी बेघर होते. भांडी धुतलेलं पाणी गाळून झाडांना घालायची सोय कोणीतरी बसवली होती. शौचालय नव्हतं, त्यासाठी आसपासच्या उपाहारगृहांच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावं लागे. एका कोपऱ्यात वैद्यकीय मदत, एका ठिकाणी प्रसारमाध्यमांचं टेबल, आणि एका बाजूला ग्रंथालय. देणगीतून आलेली पुस्तकं प्लास्टिकच्या खोक्यांत, विषयवार लावलेली. पावसात वरून ताडपत्री. पाच हजारांहून अधिक पुस्तकं तिथे जमली आणि त्यांची नोंद ठेवणारे ग्रंथपाल पेशाने खरोखरच ग्रंथपाल होते. २८ ऑक्टोबरला अग्निशमन दलाने जनरेटर आणि इंधन उचलून नेलं, दुसऱ्याच दिवशी अवेळी बर्फ पडला. मग लोकांनी स्थिर सायकली बसवल्या. पेडल मारून बॅटऱ्या भरायच्या आणि त्यांवर फोन, लॅपटॉप चालवायचे.

तळ वाढला तो पोलिसांच्या हातून. २४ सप्टेंबरला युनियन स्क्वेअरजवळ नारिंगी जाळीत अडकवलेल्या तरुणींच्या तोंडावर एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मिरपूड फवारली, त्याची चित्रफीत जगभर फिरली. १ ऑक्टोबरला ब्रुकलिन पुलावर सातशेहून अधिक लोकांना अटक झाली. ५ ऑक्टोबरला परिचारिका, शिक्षक, वाहतूक कामगार यांच्या संघटना हजारोंच्या संख्येने मोर्चाने आल्या. १४ ऑक्टोबरला ब्रुकफील्डने ‘सफाई’साठी पार्क रिकामं करायचं ठरवलं, तेव्हा तळावरच्यांनी रात्रभर झाडू-पोछा करून फरशी लख्ख केली आणि पहाटे हजारो लोक येऊन उभे राहिले. कंपनीने माघार घेतली. दुसऱ्या दिवशी जगातल्या नऊशेच्या वर शहरांत निदर्शनं झाली.

याच दिवसांत एका मराठी माणसाचं नाव या गोष्टीत येतं. नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित तेव्हा सिटीग्रुपचे प्रमुख होते. या बँकेने सरकारी मदतीतून ४५ अब्ज डॉलर घेतले होते. ऑक्टोबरच्या मध्यात पंडित यांनी आंदोलकांच्या भावना समजण्यासारख्या आहेत, वित्तसंस्था आणि नागरिक यांच्यातला विश्वास तुटला आहे, असं जाहीरपणे म्हटलं आणि बोलायची तयारी दाखवली. वॉल स्ट्रीटच्या उच्चपदस्थांपैकी इतकं बोलणारे थोडेच होते. पुढल्या एप्रिलमध्ये त्यांच्याच बँकेच्या भागधारकांनी त्यांचं सुमारे दीड कोटी डॉलरचं वेतन ५५ टक्के मतांनी नामंजूर केलं. मत सल्लावजा होतं, बंधनकारक नव्हतं. तरी मोठ्या अमेरिकी बँकेच्या सभेत असं घडणं नवं होतं. हा कौल तळामुळेच मिळाला, असं मी म्हणणार नाही. भागधारकांना असा मतदानाचा हक्क २०१०च्या वित्तसुधारणा कायद्याने दिला होता. मात्र तो हक्क एरवी झोपलेला असायचा, आणि त्या वर्षी तो जागा झाला.

मागण्यांचा वाद मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. वर्तमानपत्रं रोज विचारत: तुम्हाला नेमकं हवंय काय? तळावर उत्तर दोन तऱ्हेचं मिळे. ग्रेबर यांच्यासारख्यांचं म्हणणं असं की मागणी करणं म्हणजे मागण्या पुरवणाऱ्याचा अधिकार मान्य करणं; आपण इथे वेगळ्या तऱ्हेने जगून दाखवतो आहोत, तीच मागणी. कामगार संघटनांना आणि अनेक साध्या समर्थकांना हे पटत नव्हतं. त्यांना बँकांवर व्यवहार कर हवा होता, १९९९ मध्ये रद्द झालेला ठेवी आणि सट्टा वेगळे ठेवणारा जुना कायदा परत हवा होता, घरांच्या जप्त्या थांबायला हव्या होत्या. पहिल्या महिन्यात मागणी न ठेवणं शहाणपणाचं होतं, असं माझं मत आहे. मागणी नसल्यामुळेच कर्जबाजारी विद्यार्थी, घर गमावलेली बाई आणि निवृत्त सैनिक एका ताडपत्रीखाली बसू शकले. नोव्हेंबरपर्यंत मात्र तीच गोष्ट दुबळेपण बनली. रात्री चार-चार तास सभा चालायची ती झोपण्याच्या पिशव्या, ढोल वाजवण्याच्या वेळा आणि पैशाचा हिशेब यांवर. ढोलवाल्यांमुळे शेजारचे रहिवासी त्रासले होते, आणि वाजवणं दिवसाला दोन तासांवर आणायला सुद्धा आठवडे लागले. बँकांनी काय करावं हा विषय मागेच पडत गेला.

तळाचे इतर दोषही झाकायचं कारण नाही. चोऱ्या झाल्या, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी आल्या, स्त्रियांसाठी वेगळा तंबू उभारावा लागला. रोजच्या रोज चार तास सभेला बसायला ज्याच्याकडे वेळ आहे त्याचंच चालतं; दोन पाळ्या करणारी झाडूवाली बाई तिथे कशी बसणार? सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या समाजशास्त्रज्ञांनी मे २०१२च्या मोर्चात केलेल्या पाहणीत दिसलं की बहुसंख्य सहभागी उच्चशिक्षित होते आणि एक तृतीयांशाहून अधिकांच्या घरचं उत्पन्न वर्षाला लाख डॉलरच्या वर होतं. म्हणजे नव्व्याण्णवांतले बोलके ते होते, सगळ्यात गांजलेले नव्हते. याच पाहणीत अनेकांनी अलीकडे नोकरी गमावल्याचं किंवा कर्जाच्या बोज्याखाली असल्याचं सांगितलं, हेही खरं. सुस्थितीतल्या घरातला मुलगा कर्जात बुडतो तेव्हाच देशाला कर्ज दिसतं, ही खंत त्या वेळी काळ्या वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली होती आणि ती रास्त होती.

अटलांटिकच्या पलीकडे जागेचा प्रश्न आणखी उघडा पडला. १५ ऑक्टोबरला लंडनच्या आंदोलकांना शेअर बाजारासमोरच्या पॅटर्नॉस्टर चौकात बसायचं होतं. चौक खासगी मालकीचा निघाला. मालकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला आणि पोलिसांनी तोंड अडवलं. लोक सरकले ते शेजारच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्यांपाशी. दुसऱ्या दिवशी रविवारी कॅथीड्रलचे एक धर्मगुरू, कॅनन जाइल्स फ्रेझर, यांनी पोलिसांनाच पायऱ्यांवरून जायला सांगितलं. आठवडाभरात आरोग्य आणि सुरक्षेचं कारण देऊन कॅथीड्रल बंद करण्यात आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनंतर ते पहिल्यांदाच बंद होत होतं. तंबू उठवायला बळ वापरलं जाईल या शक्यतेवरून फ्रेझर यांनी राजीनामा दिला, चारच दिवसांनी कॅथीड्रलच्या प्रमुखांनी, म्हणजे डीननीही दिला. तीनशे वर्षं उभ्या असलेल्या त्या चर्चला आपण कोणाच्या बाजूला, हे त्या पंधरवड्यात सगळ्यांदेखत ठरवावं लागलं. मला या साऱ्या कहाणीत फ्रेझर यांचा राजीनामा फार मोलाचा वाटतो. आपल्या दारात आलेल्या माणसाला बळाने उठवायचं नाही, एवढंच त्यांनी धरून ठेवलं आणि त्यासाठी पद सोडलं.

हाँगकाँगमध्ये लोक एचएसबीसीच्या मुख्यालयाच्या पोटात जाऊन बसले. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी आखलेल्या त्या इमारतीचा तळमजला मोकळा आहे आणि तोही जाण्यायेण्यासाठी जनतेला खुला ठेवायच्या कराराखाली येतो. दर रविवारी फिलिपिनो घरकामगार बायका सुट्टीचा दिवस तिथे खोके अंथरून घालवतात. तिथला तळ जवळजवळ अकरा महिने, सप्टेंबर २०१२ पर्यंत टिकला. फ्रँकफर्टला युरोपीय मध्यवर्ती बँकेसमोरच्या हिरवळीवरचा तळ ऑगस्ट २०१२ मध्ये उठवला गेला.

झुकोटी पार्क रिकामं झालं ते १५ नोव्हेंबरच्या पहाटे एकच्या सुमारास. प्रखर दिवे लावून पोलीस आले, पत्रकारांना लांब रोखून धरलं, सुमारे दोनशे जणांना धरलं, तंबू आणि पुस्तकं कचऱ्याच्या गाड्यांत भरली. सकाळी एका न्यायाधीशाने तात्पुरती स्थगिती दिली. संध्याकाळी दुसऱ्याने निकाल दिला की लोकांनी पार्कात जरूर यावं, पण तंबू, सामान आणि मुक्काम चालणार नाही. ग्रंथालयाचं प्रकरण पुढे न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१३ मध्ये शहराने पुस्तकांपोटी ४७ हजार डॉलर आणि वकिलांचा खर्च देऊन तडजोड केली. लंडनचा तळ २८ फेब्रुवारी २०१२च्या मध्यरात्रीनंतर उठला.

अमेरिकेत या बाबतीत जुना दाखला आहे. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे बेघरांचं एक प्रकरण आलं होतं. व्हाइट हाउससमोर प्रतीक म्हणून तंबू ठोकायला उद्यान खात्याने परवानगी दिली होती, त्या तंबूत झोपायला मात्र नाही. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही बंदी उचलून धरली. बोलायचा हक्क आहे, तिथेच झोपून बोलायचा नाही, असा त्याचा अर्थ. लंडनचा तळ उठण्याच्या पाच दिवस आधी, २३ फेब्रुवारी २०१२ला, दिल्लीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर झालेल्या पोलीस कारवाईचा निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांनी वेगळ्या निकालपत्रात झोप हा मूलभूत हक्क असल्याचं म्हटलं. कागदावर आपण पुढे आहोत. प्रत्यक्षात मुंबईत आंदोलकाच्या वाट्याला आझाद मैदानाचा राखीव तुकडा येतो. २०२१-२२ मध्ये एसटीचे संपकरी कर्मचारी तिथे कित्येक महिने बसले. तिथून दलाल स्ट्रीट चालत जाण्याच्या अंतरावर, पण त्या रस्त्यावरच्या कोणाला ते दिसत नव्हते.

मग निष्पन्न काय? आधी जे झालं नाही ते सांगतो. बँका तशाच मोठ्या राहिल्या. मंदीतून वर येताना, २००९-१० या पहिल्या वर्षात उत्पन्नात जी भर पडली तिचा ९३ टक्के हिस्सा वरच्या एक टक्क्याला गेला, असं अर्थतज्ज्ञ इमॅन्युएल साएझ यांनी मांडलं. आजही अमेरिकेतली साधारण तीन दशांश संपत्ती वरच्या एक टक्का घरांकडे आहे आणि तळच्या अर्ध्या घरांकडे मिळून दोन-तीन टक्के. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर अडकलं आहे.

बोलणं मात्र बदललं. डिसेंबर २०११ मध्ये बराक ओबामा कॅन्सासमधल्या भाषणात विषमतेवर सविस्तर बोलले. २०१३ मध्ये बिल डी ब्लाझियो न्यूयॉर्कची महापौरपदाची निवडणूक ‘दोन शहरांची’ भाषा करून जिंकले. बँक ऑफ इंग्लंडचे अँड्र्यू हॉल्डेन यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये लंडनच्या आंदोलकांसमोर उभं राहून सांगितलं की नैतिक आणि बौद्धिक दोन्ही अर्थांनी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या फास्ट फूड कामगारांनी ताशी १५ डॉलरसाठी संप केला. २०१६ मध्ये राज्याने तसा कायदा केला. त्या लढ्याचं श्रेय प्रथम कामगारांना आणि त्यांच्या संघटनांना. तळाने त्यांना ऐकून घेणारे कान तयार करून दिले.

खरं टिकाऊ काम झालं ते कर्जावर. तळातून निघालेल्या काहींनी ‘स्ट्राइक डेट’ नावाचा गट काढला आणि बुडीत कर्जाचा बाजार अभ्यासला. दवाखान्याचं बिल थकलं की ते येणं वसुली कंपन्यांना रुपयामागे काही पैशांना विकलं जातं; कंपनी मग कर्जदाराकडून पूर्ण रक्कम वसूल करायला निघते. या गटाने २०१२च्या नोव्हेंबरपासून देणग्या गोळा करून त्याच बाजारातून तीच कर्जं विकत घेतली आणि वसूल न करता फाडून टाकली. सुमारे ३.२ कोटी डॉलरचं कर्ज असं मिटलं. देशाच्या कर्जापुढे ही रक्कम काहीच नव्हती आणि गटालाही ते ठाऊक होतं. पण आपलं कर्ज कितीला विकलं जातं हे ज्याला कळलं, त्याची मान थोडी वर झाली.

तिथून ‘डेट कलेक्टिव्ह’ ही कर्जदारांची संघटना उभी राहिली. फसव्या जाहिराती करून मुलांना महागडं कर्ज काढायला लावणाऱ्या कॉरिंथियन या नफेखोर महाविद्यालय साखळीच्या पंधरा माजी विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये हप्ते भरायला जाहीर नकार दिला. फसवणूक झालेल्या कर्जदाराला कर्जमाफी मागता येईल असं एक कलम कायद्यात पडून होतं; संघटनेने ते शोधून काढलं, त्याचे अर्ज तयार केले आणि हजारो जणांकडून भरून घेतले. सात वर्षं लागली. जून २०२२ मध्ये शिक्षण खात्याने या साखळीतल्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज रद्द केलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बायडन सरकारची व्यापक विद्यार्थी कर्जमाफी रद्दबातल ठरवली, पण कॉरिंथियनच्या मुलांची माफी वेगळ्या कलमाखाली होती, तिला धक्का लागला नाही. बाकीच्या कोट्यवधी कर्जदारांसाठी अर्ज, दावे आणि हप्ते रोखण्याची तयारी ही संघटना अजून करते आहे.